नावानं हाक

अहो, तुमच्या बाराव्याला सगळा गाव आला होता. अंगणात माणसं मावेनात, म्हणून शेजारच्यांच्या खळ्यात चटया घातल्या. भात दुसऱ्यांदा टाकावा लागला. मी दारात उभी राहून एकेकाचं तोंड बघत होते. तिठ्यावर त्या दिवशी हीच तोंडं होती. आज जेवायला बसलेली, त्या दिवशी बघायला उभी राहिलेली. मला वाटलं, हातातला वाढायचा डाव एकेकाच्या पानावर आपटावा आणि विचारावं, गोड लागतं ना?

नाही विचारलं. वाढलं. कढी हवी का म्हणून विचारत फिरले. पण बाराव्याच्या दिवशी एक गोष्ट मी केली, ती तुम्हांला सांगायची आहे. त्याआधी बरंच काही सांगायचं आहे, कारण ती गोष्ट तशी कोणाला कळणार नाही. तुम्हांला कळेल.

मी सातवी शिकलेली बाई. देवळात पोथी वाचते, शेजारणींची पत्रं लिहून देते, एवढंच माझं लिहिणं. पण आपली शुभा पेडण्याहून सासरचं घर टाकून बारा दिवस इथं राहिली, आणि जाताना म्हणाली, "आई, तूं रडना, नुसतीं भांडीं आपटिता. वहींत तरी लिही." खरं आहे. रडू येत नाही. राग पुढे धावतो आणि रडू मागे राहतं. गावावर राग आहे, तुमच्या थोरल्या भावावर आहे, माझ्यावर आहे. तुमच्यावरही आहे. तुमच्यावर का, ते येईलच.

डिचोली-म्हापसा बसवर तुम्ही बावीस वर्षं कंडक्टर. म्हातारी माणसं अजून बसला कार्रेर म्हणतात, आणि तुम्हांला कार्रेरीचा मालक समजतात. मालक नव्हतात, पण आव तसाच असायचा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला मी तुमच्याच गाडीनं जायची. गाडीत टोपल्या, कोंबड्या, माणसं, सगळं एकावर एक. एकदा मयें गाव सोडल्यावर एक म्हातारी मिरच्यांची पिशवी घेऊन चढली आणि दांड्याला लोंबकळत राहिली. मी तुम्हांला खुणावलं. मला वाटलं, तुम्ही ओरडाल, कोणीतरी जागा द्या रे. दुसरा कंडक्टर तसंच ओरडला असता, आणि सगळ्यांनी एकदम जनेलाबाहेर बघितलं असतं, जणू बाहेर जत्रा भरली आहे. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही तिसऱ्या बाकाजवळ गेलात आणि नेहमीच्या आवाजात म्हणालात, "मोहन, उठ रे. आजयेक बसूं दी."

मोहन उठला. बाकावर दोघं होते, दोघंही धडधाकट. दुसरा तसाच बसून राहिला. मोहनच्या चेहऱ्यावर ना राग ना कंटाळा. उलट उठल्यावर त्यानंच म्हातारीची पिशवी वर ठेवली, आणि म्हापशाला उतरवूनही दिली.

घरी आल्यावर मी म्हटलं, हा मोहन बरा मुलगा आहे. तुम्ही हसलात. म्हणालात, "बरो बी कांय ना. तेचें नांव म्हाका खबर आसा, इतलेंच." आणि मग ते तुमचं नेहमीचं, जे मी बावीस वर्षं ऐकलं आणि बावीस वर्षं खोडून काढलं: "कोणीतरी म्हणल्यार कोणूच ना. नांव घे, मगे बघ माणूस कसो उठता."

मला ते पटायचं नाही. मी म्हणायची, नाव घेतल्यावर उठतो तो कसला चांगला? न सांगता उठतो तो चांगला. बाकीचे दगड. तुम्ही म्हणायचात, असा न सांगता उठणारा शंभरांत एक, तो तुझ्या बसमध्ये चढेपर्यंत म्हातारीनं लोंबकळत राहायचं का? मी म्हणायची, म्हणजे तुमच्या मते जगात वाईट कोणी नाहीच. तुम्ही म्हणायचात, वाईट आहेत, थोडे आहेत, बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले आहेत. यावर मी भांडी उचलून आत जायची. हार मानायची आपल्यात पद्धत नव्हती.

विहिरीवरचं तुम्हांला आठवतं? आठवत असणारच, त्यावरून आपण तीन दिवस बोललो नव्हतो. खाणीवर काम करणारी घाटावरची एक बाई पाणी न्यायला आली, आणि रहाटाजवळच्या शेवाळावरून घसरून पडली. पाय मुरगळून खाली गेला होता. ती ओरडत होती, आणि आम्ही सातजणी कळशा कमरेवर घेऊन उभ्या. मला तेव्हा खरंच वाटलं की कोणीतरी जाईल. कोणीतरी पुढे होईल, मग मीही जाईन. पहिली कशी जाऊ, ओळख ना पाळख. शेवटी ती स्वतःच सरपटत कट्ट्यापर्यंत आली, तेव्हा सातहीजणी एकदम "अगो, लागलें गो?" म्हणत धावलो. वरातीमागून घोडं.

हे मी तुम्हांला सहज सांगितलं, गावातली बातमी म्हणून. तुम्ही जेवता जेवता थांबलात. "तूं कित्याक धांवली ना?" मी म्हटलं, इतक्याजणी होत्या. तुम्ही म्हणालात, "तेंच. एकलीच आसतली जाल्यार धांवली आसती."

मला एवढा राग आला! मी म्हणजे काय त्या बसमधली माणसं? मी तुम्हांला म्हटलं, तुम्हांला बायको नको, पोलीस हवा. पण रात्रभर पाठ करून झोपले ती रागानं नाही, लाजेनं, हे तुम्हांला कधी सांगितलं नाही. आता सांगते. तुमचं बरोबर होतं. मी एकटी असते तर धावले असते.

मग गेल्या वर्षीची ती आंदोलनाची थंडी आली. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी. रस्त्यावर झाडं आडवी पडली, बस बंद, शाळा बंद. आपला गाव मराठीचा, आणि गावाचे पुढारी तुमचे थोरले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नवऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नाव बाईनं तोंडातून काढायचं नाही, हे मला लग्नाआधीच शिकवलं होतं. सव्वीस वर्षं मी त्यांच्याशी थेट बोललेही नाही. जे बोलायचं ते शुभाच्या आडून: "शुभा, बापोलयांक सांग, च्या जाली." ते समोर बसलेले असायचे, त्यांना ऐकू यायचं, तरी शुभानं सांगेपर्यंत ते हात पुढे करायचे नाहीत. मजा वाटायची तेव्हा. आता त्या मजेचं काय झालं ते बघा.

घरात मराठीच्या बाजूनं तुम्हीही होतात. देवळातलं भजन, माझी पोथी, शुभाची पुस्तकं, सगळं मराठीच. तरी थोरले आणि तुम्ही त्या महिन्यात किती भांडलात! भांडण मराठीसाठी, आणि भांडत होतात दोघंही आपल्या घरच्या कोंकणीत. मी आतून ऐकायची आणि मला हसू यायचं.

त्या दिवशी तिठ्यावर आंब्याचं झाड आडवं पाडलं होतं. पोरं ओळीनं बुंध्यावर बसलेली, थोरले आणि तुम्ही देवळाच्या पायरीवर. इतक्यात एक टॅक्सी आली आणि झाडापाशी थांबली. आत अडलेली बाळंतीण, पलीकडच्या वाड्यावरची, आणि तिचं घर कोंकणीच्या बाजूचं, हे सगळ्यांना माहीत. तिचा नवरा उतरला आणि हात जोडून म्हणाला, कोणीतरी मेहरबानी करा. कोणी हललं नाही. पोरं थोरल्यांकडे बघत होती. थोरले पोरांकडे बघत होते.

तुम्ही पायरीवरून उठलात. "सुरेश, तूं बुंधो धर. दामोदर, तूं हे वटेन यो. बाबल्या, फांटी." तीनच नावं घेतलीत. तिघं उठले, आणि ते उठल्यावर बाकीचे कसे बसून राहणार? झाड सरकलं, टॅक्सी गेली. आणि मग तुम्ही काय केलंत, तर त्याच पोरांना घेऊन झाड परत रस्त्यात आडवं घातलंत! म्हणालात, आंदोलन आंदोलनाच्या जागी. पोरं हसली. त्या बाईला मुलगी झाली, हेही नंतर कळलं.

हसले नाहीत ते फक्त थोरले. संध्याकाळी आपल्या अंगणात येऊन म्हणाले, "आमच्याच भुरग्यांक आमचेंच झाड काडूंक लायलें तुवें? म्हाका विचारपाचें न्हय?" तुम्ही म्हणालात, विचारत बसलो असतो तर ती टॅक्सीत बाळंत झाली असती. त्यावर ते पाठ फिरवून निघून गेले. तेव्हापासून बोललेच नाहीत.

मला तेव्हा वाटलं, हा भाषेचा राग. तुम्ही म्हणालात, नाही गो, भाषा बिषा काही नाही. गावात नाव घेऊन हाक मारायचा मान त्यांचा, तो मी घेतला. तो राग आहे. तुम्ही हे हसत सांगितलंत, जणू कोणा दुसऱ्याच्या भावाचं सांगताय. तुमच्यावर राग आहे तो याचा. माणसं ओळखायचात ना एवढी? मग जो माणूस अपमान असा जपून ठेवतो, त्याच्याशी मिटवून का टाकलं नाहीत? मी सांगत होते, जा, पाया पडा, थोरले आहेत. तुम्ही म्हणायचात, त्याला हाक मारली की तो येईल, काळजी करू नकोस.

मेअखेरीस गोव्याचं वेगळं राज्य झालं. फटाके वाजले, थोरल्यांनी देवळात पेढे वाटले, आपल्या घरचे शेजारणीकडून पाठवले. चवथीला तुम्ही थोरल्यांकडे गेलात, कारण घराण्याचा गणपती एकच. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी तुम्ही दोघं भाऊ लहानपणापासून मिळून बांधायचात, रानातली फळं, वेली, सुपाऱ्यांचे घड. यंदा तुम्ही पोचलात तर माटोळी बांधून झालेली. आरतीत टाळ सगळ्यांच्या हाती दिले, तुमच्या हाती नाही. तुम्ही नुसत्या हातांनी टाळ्या वाजवल्यात. मी बायकांतून बघत होते.

आणि दसरा होऊन पंधरा दिवस झाले. पावसात बंद असलेले खाणीचे ट्रक पाळी गावाच्या बाजूनं परत धावायला लागले होते. तुमची रजा होती. चार वाजता पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा तिठ्यावर वाजला आणि तुम्ही म्हणालात, उंडे घेऊन येतो, च्या टाक. मी चहा टाकला. उकळी यायच्या आत ब्रेक ऐकला आणि मग आरडाओरड.

आपल्या घरापासून तिठा किती? पन्नास पावलं. मी पीठ माखल्या हातानं धावले. ट्रक पळून गेला होता. तुम्ही रस्त्याच्या कडेला उताणे, डोळे मिटलेले, डोक्याखालची लाल माती आणखी लाल होत चाललेली. आणि भोवती गोल. वीस माणसं असतील, पंचवीस असतील. अहो, एकही परका नाही. सगळे असे की ज्यांना तुम्ही थांबा नसताना दारात उतरवलंत, ज्यांच्या पिशव्या टपावर चढवल्यात, ज्यांच्यासाठी गाडी थांबवून धरून ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्यात. सुरेश होता. दामोदर होता. आणि सलूनच्या समोर स्वतःच्या जीपला टेकून तुमचे थोरले.

कोणी म्हणालं, "पंचनामो जाय मेरेन हात लावूं नाकात." कोणी म्हणालं, हलवलं तर मान मोडेल. कोणी म्हणालं, पोलिसांना सांगायला कोणीतरी गेलंय. कोण गेलं होतं? कोणी नाही. मी आजवर सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेला.

मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले. काय ओरडले? मी ओरडले, "कोणीतरी येयात रे! कोणीतरी गाडी काडात!"

कोणीतरी!

बावीस वर्षं तुम्ही घोकून घेतलंत, आणि माझ्या तोंडून शब्द आला तो हाच. माझे डोळे मात्र एकाच माणसावर. गाडी तिथं एकच होती, आणि तिची किल्ली त्यांच्या हातात होती. मी बघितली. ते ती बोटांत फिरवत होते, माझ्याकडे बघत होते, आणि मग लोकांकडे. लोक त्यांच्याकडे बघत होते. थोरले हलले तर आम्ही हलू. आणि थोरले बघत होते की लोक काय म्हणतात, बोलाचाल नसलेल्या भावासाठी हा न बोलावता धावला, असं तर म्हणत नाहीत ना. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तोंड उघडं, आणि नाव घशात. लग्नाआधी शिकवलेलं सगळं आडवं आलं. नाव घेऊ नको, समोर बोलू नको, डोळ्याला डोळा देऊ नको. शुभा असती तर तिच्या आडून सांगितलं असतं. शुभा पेडण्याला.

आता कोणी म्हणेल, रीतच तशी, बाईचा काय दोष. नको. मला ही सूट नको. थोरल्यांचं नाव घ्यायला बंदी होती. सुरेशचं नाव घ्यायला कसली बंदी होती? दामोदरचं? तुमच्या एका शब्दावर ज्यांनी आंब्याचं झाड उचललं, ते दोघं माझ्यापासून चार हातांवर उभे होते. मी "सुरेश" म्हटलं असतं तर सुरेश धावला असता. तो आता रडत सांगतो, "वयनी, तूं म्हाका उलो मारतली आसली." मी हाक मारली नाही, कारण मीही सगळ्यांसारखी थोरल्यांकडेच बघत होते. विहिरीवर होते तशीच. मांडीवर नवरा होता, एवढाच फरक.

पाऊण तास गेला. तिठ्यावरच्या दुकानातलं घड्याळ मला समोरच दिसत होतं.

मग एक रिकामा ट्रक आला. ड्रायव्हर सावंतवाडीकडचा. गर्दी बघून थांबला, खाली उडी मारली आणि पहिल्यांदा गावालाच शिवी दिली. "अरे माणूस पडलो हा थंय, बघतास काय? खेळ आसा?" आणि मला म्हणाला, "वयनी, तुम्ही पाय धरा." मी पाय धरले. त्यानं खांदे धरले. आम्ही दोघांनी तुम्हांला वर घेतलं. तेव्हा कुठं चार हात पुढे आले. त्याला कसं जमलं, याचा मी खूप विचार केला. तो काही आमच्यापेक्षा पुण्यवान नसेल. पण त्याला गावात कोणाचं तोंड बघायचं नव्हतं. गर्दी त्याच्या लेखी गर्दीच होती, त्यात त्याचा थोरला नव्हता, शेजारी नव्हता. त्याला फक्त तुम्ही दिसलात.

त्याचं नाव मी विचारलं नाही. ज्यानं उचललं त्याचं नाव मला माहीत नाही, आणि ज्यांची नावं मला माहीत आहेत त्यांनी उचललं नाही.

डिचोलीच्या दवाखान्यात कागद करणाऱ्यानं विचारलं, पेशंटचं नाव? आणि मी गप्प. अहो, तिथंही गप्प. त्यानं दोनदा विचारलं. शेवटी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि पिठाच्या बोटांनी तुमचं नाव लिहिलं. तोंडानं नाही घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, केव्हा लागलं? मी म्हटलं, चार वाजता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हापशाला न्यायला सांगितलं. ज्या रस्त्यावर तुम्ही रोज चार फेऱ्या केल्यात, त्याच रस्त्यावर, म्हापसा दिसायच्या आत, तुम्ही गेलात. थांबाही नव्हता तिथं.

घरी परत आणलं तेव्हा दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली होती. आपलीच, उंड्यांची. आत सहाच्या सहा उंडे, माती झटकून, नीट रचून ठेवलेले. अहो, कोणीतरी ते रस्त्यावरून वेचले होते! वाकून, एकेक करून! उंड्यांना हात लावायला पंचनामा आडवा आला नाही. मी ती पिशवी अंगणात भिरकावली. तोवर पोचलेल्या शुभाला वाटलं, मला वेड लागलं. नंतर वाटलं, जो कोणी होता त्याला काहीतरी करायचं होतं बिचाऱ्याला, आणि काय करावं ते सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यानं उंडे वेचले. असं वाटलं आणि आणखीच राग आला, कारण हे तुमचं बोलणं होतं, माझं नव्हे.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे घराघरांतून एकेक लाकूड आलं, तुमच्यासाठी. कोणी फणसाचं, कोणी आंब्याचं. एक घर चुकलं नाही. थोरल्यांनी सगळ्यांत जाड आणलं, खांद्यावरून, स्वतः. गाव करील ते राव काय करील म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं. मेलेल्या माणसासाठी काय करायचं ते गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. कोणी किती लाकडं आणायची, कोणी खांदा द्यायचा, मडकं कोणी फोडायचं, सगळं ठरलेलं, कोणाला विचारावं लागत नाही. जिवंत माणूस रस्त्यात पडला तर पहिला हात कोणी घालायचा, एवढंच आमच्या वाडवडिलांनी ठरवून ठेवलं नाही. ते तुम्ही एकटे ठरवत होतात, नाव घेऊन.

आता बाराव्याचं.

जेवणं झाली. पुरुष अंगणात पानं खात बसले. थोरले मधल्या चटईवर. तुमच्या गोष्टी निघाल्या, कंडक्टर असा आणि कंडक्टर तसा. सुरेश मान खाली घालून बसला होता. कोणीतरी हळूच त्या दिवसाचा विषय काढला आणि थोरले म्हणाले, मी दाराआड उभी आहे हे त्यांना माहीत होतं, मला ऐकू जावं म्हणूनच म्हणाले, "आमी सगळे थंय आसले. पूण कोणें कितें करपाचें, कोणाकूच कळ्ळें ना. आमकां कोणें सांगलेंच ना."

आमकां कोणें सांगलेंच ना! पुढारी माणूस, अर्धा गाव ज्याच्या शब्दावर उठतो, त्याला सांगायला माणूस हवा होता. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, बारावा आहे, पुरुष बसलेत, काही आठवलं नाही. मी उंबरा ओलांडला. अंगणात मध्यावर गेले. पदर डोक्यावरून खाली आला, तो तसाच राहू दिला. त्यांच्या डोळ्याला डोळा दिला आणि म्हटलं,

"यशवंता, उठ."

अहो, अंगणात पान चावायचा आवाज थांबला. माझी जाऊ आतून "अगो बाय!" म्हणाली. आणि थोरले, साठ वर्षांचे, डोक्यावर काळी टोपी, गावाचे पुढारी, उठले. एका झटक्यात. विचार न करता. हातातलं पान खाली पडलं, ते त्यांना कळलंही नाही. उठले आणि उभे राहिले, आता काय करायचं ते सांग, अशा तोंडानं. अगदी तुमच्या तिसऱ्या बाकावरचा मोहन.

म्हणजे हेच होतं. एवढंच होतं. एक नाव. पाऊण तासात मी ते कितीदा घेऊ शकले असते! मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून संताप आला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या आणि सुखानं झोपले असते.

ते उभेच होते. मी म्हटलं, "बस आतां. गाडी गेली."

ते बसले नाहीत. तोंड झाकून घेऊन रडायला लागले. मी आत आले आणि भांडी आपटली.

त्यानंतर चार दिवस झाले. आज सकाळी पदेराचा भोंगा वाजला. मी नेहमीसारखा दोघांचा चहा टाकला आणि मग लक्षात आलं. घरात कोणी नव्हतं. मी तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. सव्वीस वर्षांत मी तुमचं नाव तोंडानं एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात, लाजत, बायकांनी चिमटे काढल्यावर. आज कोणी चिमटे काढले नाहीत. मी मोठ्यानं घेतलं. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

गोपाळ.

चहा उकळून उतू गेला, चूल विझली, मी तिथंच उभी. पुन्हा घेतलं. नाव घेतलं की माणूस उठतो म्हणत होतात ना? बावीस वर्षं माझं डोकं खाल्लंत ना? गोपाळ, मी हाक मारते आहे, कोणीतरी नाही म्हणत, नाव घेऊन मारते आहे. मग उठा ना.